जिला विसरायला लावलं तिची गोष्ट: जुनी आख्यायिका बाईच्या बाजूनं फँटसीत लिहिताना

माहूरची रेणुका आमची कुलदेवता. नवरात्रात घरी तांबूल कुटायचं काम आजीकडे असे. पानं, सुपारी, कात, बडीशेप खलबत्त्यात पडायची आणि कुटता कुटता ती देवीची गोष्ट सांगायची. देवीला नुसतं मुखच का, हातपाय का नाहीत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. आकाशवाणीनं परशुरामाला सांगितलं होतं, तुझी आई जमिनीतून वर येईल, तोवर मागं वळून बघू नकोस. त्याला धीर निघाला नाही. त्यानं बघितलं, आणि आई मुखापर्यंतच वर आली नि तिथंच थांबली.

याच परशुरामानं बापाच्या सांगण्यावरून आईचं डोकं उडवलं होतं, हेही आजी सांगायची, पण भरभर. तेवढ्यापुरता बत्त्याचा आवाज वाढायचा.

त्या वाढलेल्या आवाजापासून मी रेणुकेवर एक दीर्घकथा लिहायला घेतली. पाच खर्डे झाले, त्यातले दोन सरळ फेकून दिले. जुन्या आख्यायिका बाईच्या बाजूनं सांगणाऱ्या फँटसी कादंबऱ्या इंग्रजीत ढिगानं येताहेत. त्या वाचून मराठीत असं काही लिहू बघणाऱ्यांसाठी माझी वाट पायरीपायरीनं मांडते आहे. उदाहरण रेणुकेचंच घेतलंय, कारण ते मला आतून ठाऊक आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. ही लेखनाची तऱ्हा बाहेरून आलेली आहे असं समजून बिचकू नका. जात्यावर बसलेल्या बायका ती कधीच्या करत आल्यात:

राम म्हनू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकनी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

दळताना, पहाटेच्या अंधारात, रामाला हलक्या दिलाचा म्हणण्याची हिंमत ज्या भाषेत आहे त्या भाषेत तुम्ही लिहिताय.

पायरी १: कथा निवडा

जी गोष्ट ऐकताना लहानपणी तुम्ही मध्येच काहीतरी विचारलंत आणि मोठ्यांनी विषय बदलला, ती घ्या. लोकप्रिय आहे, खपेल, म्हणून द्रौपदी किंवा सीता घेऊ नका. प्रश्न तुमचा असेल तरच चौथ्या खर्ड्यापर्यंत दम टिकतो.

पायरी २: जितकी रूपं मिळतील तितकी जमवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी अडीच महिने दिले आणि कमीच पडले. आख्यायिकेचं एकच ‘मूळ’ रूप असतं असं धरून चाललात तर तुम्ही त्या एका रूपाशी भांडत बसाल. पाच रूपं शेजारी मांडली की ती आपसात भांडतात, आणि त्या भांडणातून तुमची गोष्ट निघते.

रेणुकेची मी जमवलेली रूपं अशी.

महाभारताच्या वनपर्वात ती स्नानाला जाते. चित्ररथ नावाचा राजा बायकांबरोबर जलक्रीडा करताना तिला दिसतो, तिचं मन चळतं, ती भिजलेली, घाबरलेली आश्रमात परतते. तिचा नवरा जमदग्नी ऋषी ओळखतो. चार मुलांना एकामागून एक सांगतो, आईला मारा. चौघं काही बोलत नाहीत. तो त्यांना शाप देतो आणि त्यांची शुद्ध हरपते, ती पशुपक्ष्यांसारखी जड होतात. पाचवा, राम, म्हणजेच परशुराम, येतो आणि परशूनं डोकं उडवतो. बाप प्रसन्न. मुलगा वर मागतो: आई उठावी, मारल्याची आठवण तिला राहू नये, मला पाप लागू नये, भाऊ पूर्वीसारखे व्हावेत, युद्धात मला जोड नसावी, दीर्घायुष्य मिळावं. सगळे वर मिळतात.

भागवताच्या नवव्या स्कंधात चित्ररथ गंधर्व आहे, बरोबर अप्सरा आहेत, आणि रेणुका पाणी आणायला गंगेवर गेली आहे. बघण्यात होमाची वेळ टळते. इथं राम आईबरोबर भावांनाही मारतो, आणि सगळे झोपेतून उठावेत तसे उठतात.

लोककथेत ती ओल्या वाळूचा घडा करते, सापाची चुंबळ करते आणि घडा डोक्यावर घेऊन येते. मन चळलं त्या दिवशी वाळू धरत नाही. दक्षिणेकडच्या एका रूपात रेणुकेबरोबर एका मातंग बाईचंही डोकं उडतं, आणि जोडताना डोकी अदलाबदल होतात. कर्नाटकातल्या सौंदत्तीची यल्लमा ही रेणुकाच मानतात. आणि माहूरला ती मुखापुरती वर आलेली आई आहे.

प्रत्येक रूप वेगळ्या कागदावर लिहा, आपल्या शब्दांत, आणि खाली एक प्रश्न: हे कोण सांगतंय? वनपर्वातली हकीकत युधिष्ठिराला सांगतो तो अकृतव्रण, म्हणजे परशुरामाचाच अनुयायी. हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. ज्यानं डोकं उडवलं त्याचा माणूस ही गोष्ट सांगतोय. साक्ष एका बाजूची आहे, हे मला बाहेरून लादावं लागलं नाही. मजकुरातच लिहिलेलं होतं.

वाचनाची ही नजर कमवायची तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ पुन्हा वाचा. ती फँटसी नाही, पण महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून खाली उतरवून प्रश्न कसे विचारावेत याचा धडा मराठीत त्याहून चांगला मला माहीत नाही.

पायरी ३: गप्प जागा शोधा

तीन रंगांची पेनं घ्या. नायिका जिथं काही करते तिथं एक रंग, तिला काही केलं जातं तिथं दुसरा, ती बोलते तिथं तिसरा.

वनपर्वातल्या या प्रसंगावर मी हे केलं तेव्हा तिसरं पेन उघडावंच लागलं नाही. रेणुका एक वाक्य बोलत नाही. जाते, बघते, परत येते, आणि त्यानंतर सगळं तिला केलं जातं. उठून बसल्यावरही ती काय म्हणाली हे कुणी नोंदवलेलं नाही.

मग रूपं एकमेकांवर ठेवून बघा. भागवतात पुढं कार्तवीर्य राजाची मुलं आश्रमात घुसतात, रेणुका गयावया करत असताना जमदग्नीचं डोकं कापून घेऊन जातात. तेव्हा ती ऊर बडवून ‘रामा, रामा’ अशी हाक मारते. नंतर मुलगा बापाचं डोकं आणून धडाला जोडतो. म्हणजे एकाच घरात दोन डोकी उडाली. बापाचं उडालं तेव्हा पृथ्वी २१ वेळा निःक्षत्रिय झाली. आईचं उडालं तेव्हा वर मिळाले, आणि त्यातला एक होता की तिला ते आठवू नये.

माझी कथा तिथं सापडली, विसरण्याच्या त्या वरात.

बाहेरच्या साहित्यातही चांगल्या पुनर्कथनांची सुरुवात अशाच एका सुट्या धाग्यापासून झालेली दिसते. होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यात नायक घरी परतल्यावर बारा दासींना फाशी दिली जाते. त्या प्रचंड काव्यात हा प्रसंग काही ओळींचा आहे. कादंबरीकार मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ साली नायकाच्या बायकोच्या तोंडून ती कथा सांगितली आणि त्या बारा जणींना समूहगायन दिलं. ब्रिटनच्या राजा आर्थरच्या आख्यायिकेत बहीण मॉर्गन आयुष्यभर त्याच्याविरुद्ध कट करते, पण तो जखमी झाल्यावर त्याला न्यायला आलेल्या नावेतही तीच असते. १४८५ साली छापलेल्या, आर्थरच्या कथा सांगणाऱ्या मॅलरीच्या इंग्रजी ग्रंथात ती म्हणते, भाऊराया, इतका उशीर का केलास, डोक्याच्या जखमेला गारठा लागला बघ. खलनायिका असं बोलत नाही. ज्यांना मॉर्गनवर लिहावंसं वाटलं त्यांना बहुधा हीच नाव खुणावत असणार.

पायरी ४: जादूचा नियम त्या गप्प जागेतूनच काढा

बहुतेक नवे लेखक इथं घसरतात. स्त्रीवाद एका बाजूला आणि जादू दुसऱ्या बाजूला ठेवतात. नायिकेवर अन्याय होतो, मग तिच्या हातातून ज्वाळा निघतात. त्या ज्वाळा कुठल्याही कथेत निघाल्या असत्या.

गप्प जागेला तीन प्रश्न विचारा. यातली अद्भुत गोष्ट खरी धरली तर तिचा परिणाम रोजच्या घरात कसा दिसेल? तिची किंमत कोण देतं? ती मोडायची तर काय गमवावं लागेल?

मी विचारलं: विसरलेलं जातं कुठं? उत्तर वाळूच्या घड्यात मिळालं. माझ्या कथेत उठल्यानंतरही रेणुका रोज घडा करते, आणि वाळू धरते. पण त्या घड्यातलं पाणी जो पितो त्याला तिचं मरण आठवतं, समोर दिसतं. तिला मात्र आठवत नाही. म्हणून घरात कुणी ते पाणी पीत नाही. ती रोज भरून आणते, सगळे आडून आडून टाळतात, आणि आपल्या हातचं पाणी पोरांना का नको झालंय हे तिला कळत नाही.

किंमतही मजकुरानंच दिली. सगळे वर एका दमात मागितलेले आहेत. तिला आठवू नये आणि भाऊ पूर्वीसारखे व्हावेत, हे एकाच यादीत. मी त्याला एकाच दोरीत ओवलं: तिनं ते पाणी प्यायलं तर वर मोडतो, आणि आईला मारायला नकार दिलेली चार मुलं पुन्हा जड होतात. आता तिच्यापुढं खरा पेच आहे. तो तलवारीनं सुटत नाही.

शब्दांची उसनवारी करू नका. आपल्याकडे या सगळ्याची तयार व्याकरणं आहेत. शाप मागं घेता येत नाही, फार तर उःशाप मिळतो. नवस फेडला नाही तर देव मागं लागतो. भाक दिली की जीव गेला तरी पाळावी लागते. कौल मागावा लागतो आणि मिळेल तो मानावा लागतो. अंगात आलेली बाई एरवी बोलणार नाही ते बोलते आणि नंतर तिला ते आठवत नाही. चकवा लागला की ओळखीची वाट परकी होते. यातला एकेक शब्द म्हणजे कादंबरीभर पुरेल असा नियम आहे.

पायरी ५: नायिकेला निर्दोष करू नका

माझा दुसरा खर्डा याच कारणानं गेला. त्यात मी लिहिलं होतं की रेणुकेनं चित्ररथाकडे पाहिलंच नाही, कुणीतरी कागाळी केली. वाचून बरं वाटलं, दोन दिवसांनी कळलं की मी जमदग्नीचा कायदा मान्य करून बसले आहे. पाहिलं नाही म्हणून शिक्षा चूक, याचा अर्थ पाहिलं असतं तर बरोबर.

चौथ्या खर्ड्यात ती बघते. पाण्यावर ऊन आहे, कुणीतरी हसतंय, पाच मुलांची आई असलेली बाई घटकाभर उभी राहून दुसऱ्यांचं सुख बघते, आणि तिला तेही हवंसं वाटतं. एवढंच. तिचं बघणं तिच्याकडून काढून घेऊ नका.

उलट टोकही तितकंच वाईट. पहिल्या खर्ड्यातली रेणुका अशी होती:

*रेणुकेचे नेत्र क्रोधाने पेटले. “मी कुणाची दासी नाही!” असे म्हणून तिने परशू हिसकावून घेतला.*

इथं रेणुकेच्या जागी कुठलंही नाव घाला, काही फरक पडत नाही. वाक्य दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकेतलं, राग आजच्या भाषणातला. त्या बाईचं त्यात काहीच नाही. आता हाच प्रसंग चौथ्या खर्ड्यातला, ती उठते तेव्हाचा:

*जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. दुपारची इतकी कधी निजत नाही मी. पदर ओला होता. चुलीवरचं पाणी आटून भांडं काळं पडलं होतं. पोरं दारात उभी होती, पाचही. म्हटलं, बसा, वाढते. कुणी बसलं नाही. धाकट्यानं हात पाठीमागं धरले होते. कैऱ्या चोरून आणल्या की लहानपणी असाच उभा राहायचा. मी हसून म्हटलं, दाखव. तर तो रडायला लागला.*

झोपेतून उठल्यासारखं उठणं भागवतातलं, ओला पदर वनपर्वातला. बाकी माझं. वाचकाला सगळं ठाऊक आहे आणि तिला नाही, या फटीत राग आपोआप साठतो. तो तिच्या तोंडी घालावा लागत नाही.

पायरी ६: बाकीच्या माणसांकडे वळा

बाप्यांना राक्षस करून टाकणं सोपं आहे, पण कथा तिथंच मरते. परशुरामानं आईची आठवण का पुसायला लावली? तिला त्रास नको म्हणून, की तिनं आपल्याकडे त्या नजरेनं बघू नये म्हणून? मी उत्तर दिलेलं नाही. दोन्ही खरं असू शकतं असं त्याला लिहिलंय. आणि गप्प राहिलेल्या चौघांना विसरू नका. बापाच्या आज्ञेपुढं गप्प राहणं हा या कथेतला सगळ्यात मोठा नकार आहे. त्यांची नावं, रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू, किती जणांना आठवतात?

मग दुसऱ्या बाया. मातंग बाईचं रूप समोर आलं तेव्हा मी बरेच दिवस अडून राहिले. रेणुकेचं डोकं उडालं त्याची गोष्ट पुराणात आली. तिच्याबरोबर जिचं उडालं तिचं नावसुद्धा बहुतेक सांगणारे तिच्या जातीवरूनच घेतात. ऋषिपत्नीला न्याय देताना तुम्ही या बाईला पुन्हा मारणार असाल, तर त्या पुनर्कथनाला स्त्रीवादी म्हणता येणार नाही. तिला सोयीपुरतं आणू नका. आणायचं तर तिचं घर, तिची माणसं, तिचं त्या ठिकाणी असण्याचं कारण आणा. मला ते पेललं नाही म्हणून मी त्या रूपाला हात लावलेला नाही. ज्या बाईला ते घरातून ठाऊक आहे तिनं ते लिहावं, आणि मला ते वाचायचंय.

यल्लमाच्या नावानं सोडलेल्या मुलींचंही तसंच. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. म्हणजे हा भूतकाळ झालेला नाही. जोगतिणीच्या डोक्यावरचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली पाटी, आणि चौंडकं या वाद्याचा आवाज वातावरणनिर्मितीसाठी वापरू नका. त्यांच्यात बसून ऐकलं असेल तरच लिहा.

पायरी ७: बोली आणि निवेदक ठरवा

इथं फार वेळ घालवू नका, पण एक कसोटी लावा. पहिलं पान मोठ्यानं वाचा. ‘नेत्र’, ‘कदापि’, ‘हे आर्यपुत्र’ असं काही जिभेवर आलं तर खोडा. ‘माझी संमती’, ‘माझं स्वातंत्र्य’ असं आलं तरी खोडा. ती भूक तिची आहे, पण ते शब्द तिचे नाहीत. आजी, मावशी, शेजारीण जसं बोलतात तसं तिला बोलू द्या. मला प्रथमपुरुषी निवेदन मानवलं, कारण विसरलेली बाई स्वतःची गोष्ट सांगतेय यात आपोआप भोकं पडतात आणि वाचक ती बुजवत जातो.

पायरी ८: देवीपण कसं सांभाळायचं

होमरची पात्रं आज कुणाच्या देव्हाऱ्यात नाहीत. रेणुका आहे. माझ्याच घरी आहे. हा फरक गंभीरपणे घ्या. दोन वाटा आहेत: नावं, गाव, नदी सगळं बदलून वेगळं जग उभं करा, किंवा नावं ठेवा आणि जबाबदारी घ्या. पहिल्या वाटेत मोकळीक जास्त, दुसरीत वजन जास्त. मी नावं ठेवली, पण माहूरचं देवस्थान, तिथली पूजा, तिथली माणसं कथेत आणली नाहीत. माझी कथा ती जमिनीतून मुखापुरती वर येते तिथं संपते. पुढं ती देवी आहे, आणि ते लिहिण्याचा अधिकार मला वाटत नाही.

शेवट करताना हे मुख मला सोडवेना. तो वळला म्हणून ती अर्धी राहिली असं कथा म्हणते. पण वर येताना तिला दिसली ती त्याची पाठ, तोच मुलगा, खांद्यावर तोच परशू. ती कुठवर यायचं हे ठरवत नसेल कशावरून? शेवटच्या पानावर मी तिला तेवढं ठरवू दिलं.

पायरी ९: जिला गोष्ट येते तिला वाचून दाखवा

लेखक मित्रांना नंतर दाखवा. आधी अशा बाईला, जिला मूळ गोष्ट पाठ आहे आणि जी कादंबऱ्या वाचत नाही. वाचताना तिच्याकडे बघा. ती कुठं हातातलं काम थांबवते, कुठं ‘असं नाही गं’ म्हणते, कुठं पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकते, हे समासात टिपा. वाद घालू नका, समजावून सांगू नका.

मी माझ्या मावशीला वाचून दाखवलं. ती तांबुलाची पानं पुसत होती. रेणुका उठते तो परिच्छेद झाला आणि तिनं फडकं खाली ठेवलं. म्हणाली, “सगळं विसरली म्हणतेस, मग गळ्यातलं मंगळसूत्र? ते तुटलं असेल ना त्या वेळी. परत कुणी घातलं?”

मला हे सुचलंच नव्हतं. पाचव्या खर्ड्यात रेणुका उठते तेव्हा तिचा हात आधी गळ्याकडे जातो. मणी सगळे आहेत, पण ओवलेत वेगळ्या क्रमानं, बाप्याच्या हातानं, दोऱ्याला दोन गाठी मारून.